कुसुमचे दोन फोटो

"फोटो तेच, बाई. फक्त डावा उजवीकडे अन् उजवा डावीकडे करायचा," रामभाऊ म्हणाले. "इतल्यासाठी काय विचार करून राहिल्या?"

मी विचारच करत होते. साठीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अमरावतीला हबीबसाहेबांच्या फोटो स्टुडिओत मी रिटचिंग करायची. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हची डागडुजी. घासलेल्या काचेवर निगेटिव्ह लावायचं, मागून खिडकीचा उजेड घ्यायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. चेहरे काळे, आणि काळे केस काचेसारखे आरपार. लांब केसांची बाई असली की तिच्या केसांतून उजेड वाहत खाली यायचा. दुपारी रस्ता निजला की मला वाटायचं, मी एखाद्या डोहाच्या तळाशी बसून काम करते आहे. टोकदार पेन्सिलीनं सुरकुत्या घालवता येत. केस वाढवायचे तर ब्लेडनं हलकेच खरवडायचं. तेवढं केलं की छापताना तिथं काळं उमटतं.

रामभाऊ अकोटचे. त्यांनी केसांच्या तेलाचा धंदा काढला होता. त्यांनी बाटलीचं बूच काढलं तशी खोली भरून गेली. घाण्याचं तिळाचं तेल, त्यात माका आणि ब्राह्मी उकळलेली. ओल्या बांधावर उभं राहिल्यासारखा वास. बाजारात तेव्हा साधं खनिज तेल रंगवून, सेंट टाकून विकणारेही होते. रामभाऊंच्या तेलात तसली खोट नव्हती.

खोट लेबलात येणार होती. त्यांना 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो हवे होते. दोन्ही त्यांच्या धाकट्या बहिणीचे, कुसुमचे, आमच्याच स्टुडिओत काढलेले. पहिल्यात गुडघ्यापर्यंत केस. दुसरा टायफॉइडनंतरचा, डोक्यावर विरळ, बोटभर केस. त्यांना दुसरा 'आधी' म्हणून छापायचा होता.

दुसरा फोटो काढायला कुसुम आली तो दिवस मला आठवत होता. डोक्यावरचा पदर तिनं स्वतःच खाली घेतला. मी विचारलं, "खरवडून थोडे केस दाखवू का?"

"नको," ती म्हणाली. "पहिला फोटो पाहून लोक सोयरिकीले येतात अन् माह्या डोक्याकडे पाहून परत जातात. आता हाच पाठवायचा. ज्याले यायचं त्यानं पाहूनच यावं."

आता रामभाऊ माझ्या उत्तरासाठी थांबले होते. मी हबीबसाहेबांकडे पाहिलं. ते कॅमेऱ्याचं काळं कापड घडी करत होते. "बेटी, ज्याचा चेहरा, त्यालाच विचारायचं," ते म्हणाले.

"घरचीच पोरगी हाय. तिले काय विचारायचं?" रामभाऊ चिडले. "मी दुसऱ्या स्टुडिओत जाईन."

"जा की. निगेटिव्ह इथंच राहील," हबीबसाहेब शांतपणे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात रामभाऊ कुसुमला घेऊन एसटीनं आले. सगळं ऐकून ती पहिला फोटो हातात धरून बसली. "किती जड होते," ती स्वतःशीच म्हणाली. "धुतले की संध्याकाळपर्यंत वाळत नसत." मग तिनं भावाकडे पाहिलं.

"भाऊ, मी आजारातून उठली तवा तू रोज हेच तेल माह्या डोक्याले लावत होता ना?"

"तुह्यासाठीच तं पयल्यांदा उकळलं होतं."

"आले केस?"

"येतील म्हणून लावत होतो," रामभाऊ म्हणाले. मला तेव्हा कळलं की हा माणूस ठग नाही. त्याला ते फोटो खरोखरच त्या क्रमानं पाहायचे होते.

"मले झोप लागत होती त्यानं," कुसुम म्हणाली. "तू बोटं फिरवत होता अन् मले गाढ झोप लागत होती. ते खरं हाय. ते लिही."

"झोपेसाठी तेल कोन घेईल?"

"ज्याले झोप येत नसंन तो."

लेबलावर फोटो आलाच नाही. मी माक्याची एक फांदी काढून दिली. खाली फक्त 'डोके शांत, झोप शांत' असं लिहिलं.

तेल अकोटला बऱ्यापैकी खपलं, अकोल्याच्या दोनचार दुकानांतही गेलं. पण शेजारच्या बाटल्यांवर पायघोळ केसांच्या बाया उभ्या असत; त्यांच्यापुढे माक्याच्या फांदीचं काय चालणार? काही वर्षांनी रामभाऊंनी ते बंद केलं आणि घाण्याचं खायचं तेल विकू लागले. कुसुमचं लग्न तिवस्याला झालं, दुसरा फोटो पाहून. केस हळूहळू खांद्यापर्यंत आले. का आले, ते कुणी सांगू शकलं नाही.

लोक मला अजून विचारतात, कुठलं तेल चांगलं? मी म्हणते, आधी बाटलीत काय आहे ते हुंगा. ते खरं निघालं तरी लगेच घेऊ नका. बाहेरचा कागदही वाचा.