मास्क चुकला की शेजारीही दिसत नाही

नेटवर्कच्या कामात किस्से लई गोळा होतात, पण सांगायचे कुणाला? घरी सुरुवात केली की बायको विचारते, "म्हणजे इंटरनेट बंद पडलं होतं का?" म्हणून आम्ही तिघं एकमेकांनाच सांगतो. लातूरच्या छोट्या ऑफिसात मी, धर्माबादची शबाना आणि आमचे सीनियर, देवणीचे शिवलिंग अप्पा.

*

शबाना नवीन होती तेव्हा सबनेटपाशी अडून बसली. "अप्पा, एवढे आकडे पाठ होईनात."

"पाठ कशाला करतीस? प्रत्येक मशीनच्या आयपी पत्त्यात पुढचा भाग गल्लीचा, म्हणजे सबनेटचा, मागचा घराचा. गल्ली कुठं संपते ते सबनेट मास्क सांगतो. गल्लीत नुसती हाक मारली तरी भागतं. दुसऱ्या गल्लीत जायचं तर चौकातून. तो चौक म्हणजे राउटर!"

"मग पुस्तकात असं का लिहीत न्हाईत?"

*

नांदेडच्या एका कॉलेजात मीच तोंडावर पडलो. लॅबमध्ये चौसष्ट कॉम्प्युटर, म्हणून चौसष्ट पत्त्यांचा सबनेट पाडला. तीन मशीन काही केल्या चालेनात!

अप्पा फोनवर म्हणाले, "पहिला पत्ता गल्लीच्या नावाचा. शेवटचा सगळ्या गल्लीला हाक मारायचा. एक राउटरचा. तिथं मशीन कसं बसंल?" मग हळूच म्हणाले, "मी तर दोनदा केलती ही चूक."

*

एका दवाखान्यात आयसीयूतल्या एका बेडचा मॉनिटर नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसत नव्हता. बाकी सगळे दिसायचे. पेशंटची मुलगी सकाळपासून बेडजवळ उभी. आकडा हलला की धावत जाऊन सिस्टरला सांगायची.

मशीन चांगलं, वायर चांगली. अप्पांनी सेटिंग उघडली. मास्कच्या शेवटी शून्याऐवजी १२८ पडलं होतं. एका गल्लीच्या दोन झाल्या होत्या. त्या मॉनिटरच्या लेखी नर्सचं टेबल परक्या गल्लीत, आणि मधे चौकच नाही.

मास्क बदलला. टेबलावरच्या स्क्रीनवर ठोक्यांची रेघ उमटली.

"बाई, आता बसा जरा," अप्पा म्हणाले.

ती बसली, आणि मग रडायला लागली.

*

अप्पांच्या घरचं नेटवर्क त्यांनीच बांधलेलं. पाहिजे तेवढ्याच जागा. राउटर धरून सहा पत्ते, प्रत्येक पत्ता एकेकाच्या नावावर बांधलेला. यंदा नातीला शाळेसाठी टॅब घेतला, तो जोडला जाईना. अप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून शबाना गेली. मी सोबत होतो.

तिनं यादी उघडली. राउटर, टीव्ही, अप्पा, मुलगा, सून. सहावा पत्ता काकूंच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या, फोनचा. काकू जाऊन वर्ष झालं होतं.

सून हळू आवाजात म्हणाली, "तो काढून टाका ना."

शबानानं माझ्याकडे पाहिलं. मग मास्क बदलला. सहाच्या चौदा जागा झाल्या. टॅब लागला.

डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवर बसलेल्या अप्पांनी विचारलं, "काय केलंस गं?"

"जागा कमी पडत होती, अप्पा. गल्ली वाढवली."

"कुणाला हलवलं न्हाईस ना?"

"न्हाई."

"बरं केलंस," अप्पा म्हणाले.