विहारातला पाव्हणा

उंदीर अक्कलवान असतो, पण मी त्याच्याहून हट्टी आहे. हे आमच्या गावाला आता कळलं.

आर्णीकडच्या आमच्या गावी पोरी भरतीचा अभ्यास बुद्धविहारात करतात. त्यांची पुस्तकं तिथंच कपाटात असतात. उंदरांनी तीच कुरतडायला घेतली. विहाराच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणजे माझा पुतण्या. तो विषाची पुडी घेऊन आला.

मी आडवा झालो. "जीव घेणार नाही म्हणून जिथं पहिलं शील घेतो, तिथंच इख ठेवतं?"

"मंग उंदराले शील शिकवता काय, काका?"

सारे हसले. माझं डोकं भणाणलं. म्हटलं, "रविवारच्या वंदनेपर्यंत उंदीर बंद नाही झाला, तर ठेव तुई पुडी. मी मधात बोलणार नाही."

चुलीतली राख चाळून फरशीवर पसरली. सकाळी बघतो तर बारीक बारीक पावलं! शाळेत पाटी कधी धड वाचली नाही, पण ही राख घडघडा वाचली. पावलं दाराच्या फटीतून अन् वायरीच्या पाइपाजवळच्या भोकातून आली होती. फटीला पत्रा ठोकला. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली, वरून सिमेंट.

"माई नवी घासणी कुठी गेली?" बायको.

"विहाराले दान देल्ली."

शुक्रवारी कुलूप काढलं, तर आत पुन्हा ताजी पावलं! भोकं तर बंद. मग डोक्यात उजेड पडला. उंदीर आला नव्हता, मीच त्याला आत कोंडला होता.

"पाव्हण्याले मुक्कामी ठेवलं काय, काका?" पुतण्या म्हणाला.

सिमेंट फोडून भोक मोकळं केलं अन् त्यात कागदाचा बोळा हलकाच बसवला. बोळा बाहेर पडला, म्हणजे गडी बाहेर गेला.

शनिवारी उजाडताच धावत गेलो. राखेतली पावलं सरळ भोकाकडे, अन् बोळा बाहेर मातीत!

"गेला! गेला!" मी असा ओरडलो की शेजारची बाई डोक्यावर पदर घेत धावत आली. "अवो, कोण गेलं?"

"उंदीर! जित्ता गेला!"

भोक लगेच बुजवलं, राख पुन्हा चाळून पसरली. घासणी पुन्हा घरचीच.

रविवारी राख चाळल्यासारखी सपाट. पुतण्यानं पुडी खिशात घातली. वंदनेत पहिलं शील आलं, तेव्हा माझा आवाज साऱ्यांच्या वर गेला. बायकोनं कोपर मारलं.

"हळू म्हणा जी. दोन घासण्या झाल्या मायावाल्या."