नंदूच्या उंचीची मेणबत्ती

कुंदा तुसडी आहे असं चाळीत नवीन आलेल्या बायका म्हणतात. म्हणू देत. बांद्र्याच्या टेकडीवरच्या चर्चमधल्या मोतमावलीची जत्रा जवळ आली की नवसाच्या मेणबत्त्या करून घ्यायला तिच्या दाराशी माणसं येतात, आणि ही बाई कुणाशी गोड बोलत नाही हे खरंच आहे. एखादी आजारी लेकराला कडेवर घेऊन येते आणि म्हणते, ''ताई, जरा उभं राहण्याइतकं बरं वाटू दे, मग माप घ्या.'' की कुंदा खेकसलीच तिच्यावर. ''आत्ता घ्यायचं. आहे तसं घ्यायचं. निजवा त्याला खाली.'' आणि निजलेल्या पोराला डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा लावून मोकळी होते. बायका चरकतात. मग माझ्याकडे येऊन कुजबुजतात. मी माणिक, तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, आणि माझं तोंड अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. मी सांगते, आधी बसा, ऐका, आणि मग काय ती नावं ठेवा.

आमची चाळ अंधेरीला, आंबोली फाटकाच्या अलीकडे. कुंदा इथे लग्न होऊन आली ती वेंगुर्ल्याकडून. नवरा अनंत कुर्ल्याच्या गिरणीत, घरात सासू, आणि एकुलता एक नंदू. काय कार्टं होतं सांगू! माझ्या दारावरून कधी सरळ गेला नाही. कडी वाजवणार, 'माणिकमावशी, साप!' म्हणून ओरडणार आणि पळणार. दिवाळीला घराला सफेदी झाली की अनंत त्याला भिंतीशी उभा करायचा आणि डोक्याला लागून कोळशाची रेघ मारायचा. ''आत्ताच चुना दिला ना, मेल्यांनो!'' म्हणून कुंदा ओरडायची, आणि दोघं बापलेक हसायचे.

सहावं सरून सातवं लागलं तेव्हा नंदूला ताप आला. ताप उतरला, पण पायांतला जीव घेऊन गेला. सकाळी पोर उठायला गेलं आणि कोसळलं. डॉक्टर म्हणाले, पोलिओ. तेल चोळा, म्हणाले, देवावर भरवसा ठेवा. डोंबल! देवावर भरवसा ठेवायला आम्हाला डॉक्टर कशाला लागतो? कुंदाने तेल चोळलं, वैद्याचे काढे दिले, गावाकडच्या देवीला गाऱ्हाणं घातलं. पाय काही हलले नाहीत. त्या वर्षी दिवाळीला त्यांनी भिंतीच्या त्या कोपऱ्याला चुना लावला नाही. शेवटची रेघ तशीच राहिली.

आमच्या मागच्या गावठाणात कत्रीनबाय राहायची. जातीची ख्रिस्ती, पण बोलणं आमच्यासारखंच मराठी. अंडी विकायला यायची. तिने नंदूला पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि सांगितलं, ''पोरी, मोतमावलीला पोराच्या उंचीची मेणबत्ती बोल. पोराच्या अंगाला दोरा लावायचा, डोक्यापासून टाचेपर्यंत. तोच दोरा आत वात म्हणून घालायचा. विकतची नको. आईने हाताने करायची. आमच्या घरात अशीच करतात.''

कुंदाच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला. देव कुणाचा हा प्रश्न त्या घरात निघालाच नाही. सासू म्हणाली, आई ती आई.

पण मेणबत्ती करायची कशी? कत्रीनबाय म्हणाली, आधी लहान करून हात बसव. बाजारातून मेणाच्या वड्या आणल्या. मेण थेट विस्तवावर ठेवायचं नाही, पेटतं. डब्यात मेण, डबा पाण्याच्या पातेल्यात, पातेलं शेगडीवर. एवढं सांगून कत्रीनबाय अंडी विकायला गेली आणि वातीचं सांगायचं राहिलं. कुंदाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. वात कुणाला वळता येत नाही? लहानपणापासून देवापुढे लावतो आपण. बसली मांडीवर कापूस घेऊन, छान मऊ, लांबलचक वाती वळल्या आणि मेणात बुडवून वाळत घातल्या. संध्याकाळी सगळ्यांना बोलावून पहिली मेणबत्ती पेटवली. पेटली कसली, तडतडली, काळा धूर ओकली आणि आपल्याच मेणात बुडून विझली. दुसरी तशीच, तिसरी तशीच. घरभर धूर, आणि नंदू खो खो हसतोय.

दुसऱ्या दिवशी कत्रीनबायने त्या मेणबत्त्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. ''ही काय समई हाय, पोरी? समईची वात तेल पिते. मेण पिऊन तिचं पोट फुगलं!'' मग तिने दाखवलं. सुताचे दोरे घ्यायचे, त्यांची वेणीसारखी घट्ट वीण करायची, मिठाच्या पाण्यात भिजवून कडकडीत वाळवायची. ती वात सरळ जळते. कुंदाने वातीचा दोरा विणला तो भरपूर लांब, कितीही लागला तरी पुरेल असा.

आता माप. नंदू चटईवर पडला होता. कुंदा दोरा घेऊन वाकली आणि मागून सासूने तिचा हात धरला.

''निजलेल्या माणसाक दोरी लावतत ती एकदाच,'' सासू म्हणाली. ''माझ्या घरात ह्यां चलाचा नाय.''

म्हातारीचं खोटं नव्हतं. मयत झालं की बांबू तोडायला माप घेतात, ते निजलेल्याचं. जिवंत माणसाला तसा दोरा लावलेला आमच्यात कुणी पाहिलेला नाही. कुंदाने दोरा गुंडाळला.

मग पोराला उभं धरून माप घ्यायचं ठरलं. अनंतने काखेत हात घालून उचललं, पण गुडघे मुडपायचे, टाचा जमिनीला टेकायच्याच नाहीत. मी म्हटलं, अगं, भिंतीवर रेघ आहे की, त्यावरून घे. कुंदा म्हणाली, ''ती दुखण्याआधीच्या नंदूची. मावलीला आजचा नंदू दाखवायचा ना!'' मी म्हटलं, बसवून अर्धं घे, पायांचं वेगळं घे, दोन्ही जोड. तर म्हणे, जोडलेली वात गाठीशी विझते. माझं डोकंच फिरलं. इतके नियम सरकारसुद्धा करत नाही!

शेवटी ती म्हणाली, ''तो उभा राहील. धरून का होईना, एकदा उभा राहील. तेव्हा घेईन.''

अगं पण त्याने उभं राहावं म्हणूनच तर मेणबत्ती बोललीस ना? हे माझ्या ओठांवर आलं होतं. बिचारी.

तोवर हात बसावा म्हणून ती लहान मेणबत्त्या करत राहिली. एक वात बुडवायची, निथळायची, टांगायची, मग दुसरी. पहिलीचं मेण धरलं की पुन्हा बुडवायची. घाई केली की मेणाला पापुद्रे सुटतात. मेण फार तापलं की आधीचा थरसुद्धा वितळून खाली. उंच मेणबत्ती बुडवायला तेवढं भांडं नसतं, म्हणून ती वाशाला टांगून वरून पळीने मेण ओतायचं, खाली परात ठेवायची, हेही ती शिकली. गावठाणातल्या बायका तिच्याकडून मेणबत्त्या नेऊ लागल्या. नंदू परातीत सांडलेल्या मेणाच्या बकऱ्या करायचा. वास घरभर, पण घर जरा घरासारखं वाटायला लागलं होतं.

''आई, माझी कधी?'' तो विचारायचा.

''तू उभा राहिलास की.''

पोराने ते मनावर घेतलं हो. रोज खिडकीशी सरपटत जायचा आणि गजांना लोंबकळायचा. एका दुपारी मी पापड वाळत घालत होते, तर कुंदाची किंकाळी ऐकू आली. धावत गेले. नंदू दोन्ही हातांनी गज धरून उभा! पाय थरथरत होते, मान ताणलेली, पण टाचा जमिनीवर. कुंदा दोरा घ्यायला खुंटीकडे धावली. दोरा काढून वळते तोवर पोर खाली. ओठ फुटला, रक्त आलं, आणि हसतोय. ''पुढच्या वेळी दोरा हातातच ठेव,'' म्हणाला.

त्या दिवसापासून तो दोरा तिच्या कमरेला खोचलेला असायचा. पाणी भरताना, भाकऱ्या थापताना, झोपतानासुद्धा. डोळ्यांत तेल घालून ती खिडकीकडे बघायची. नंदू पुन्हा तसा उभा राहिला नाही. हातांतली ताकदसुद्धा उतरत चालली होती. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, तिला दिसत नव्हतं. की दिसत होतं? देव जाणे.

आठवं सरता सरता, श्रावणात, त्याच्या छातीत कफ भरला. पाठ शेकली, डॉक्टर आणले, सुई टोचली. पण सतत पडून असलेल्या पोराच्या छातीत खोकायचीसुद्धा ताकद नसते. पहाटे नंदू गेला.

अनंत उंबऱ्यात बसला होता. कुंदा पोराच्या उशाशी, कोरडी ठक्क. बाहेर माणसांनी बांबू आणले. थोड्या वेळाने चाळीतले धोंडूकाका दाराशी आले, हातात सुतळी. आत यायचं धाडस होईना त्यांना. सगळ्यांना कळलं कशाला आलेत ते.

तेव्हा सासू उठली. तिने धोंडूकाकांना हातानेच थांबवलं, कुंदाजवळ आली, खाली बसली आणि तिच्या कमरेचा दोरा हळूच ओढून तिच्या हातात दिला.

''घे गो बाय,'' म्हातारी म्हणाली. ''आता घे माप.''

आणि तीच म्हातारी मग जमिनीवर डोकं आपटायला लागली. मी धरली तिला. एवढी वर्षं शेजारी राहून तिचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं.

कुंदाने माप घेतलं. एक टोक डोक्याशी, दोरा अंगावरून सरळ, गुडघे हाताने हलकेच दाबून टाचेपर्यंत. तिथे विळीवर कापला. मग ती उठली आणि भिंतीकडे गेली. जमिनीपासून दोरा लावला, तर तो कोळशाच्या रेघेच्या वर गेला, चांगला चार बोटं वर. ती बघतच राहिली.

''माणिक, वाढला होता गं,'' म्हणाली. ''पडल्या पडल्या वाढला होता माझा नंदू. आणि मी बघितलंसुद्धा नाही.''

तेव्हा कुठे ती रडली.

सुतकातच तिने तो दोरा वाशाला टांगला. मी म्हटलं, आता कशाला गं? तर म्हातारीच शेगडीला वारा घालत बसली. कुंदा स्टुलावर उभी राहून पळी पळीने मेण ओतायची, थर धरला की पुन्हा ओतायची. मेणबत्ती झाली ती गोरीपान, सरळ, कुठे वाक नाही, पापुद्रा नाही. हात बसला होता तिचा. कशासाठी बसला होता, सांगा!

जत्रेला आम्ही तिघी गेलो, कुंदा, मी आणि कत्रीनबाय. टेकडीवर ही गर्दी. दुकानांतून मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं. कुंदाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. लुगड्यात गुंडाळलेली मेणबत्ती तिने पोर घ्यावं तशी खांद्याशी धरली होती. मी तिच्या जागी असते तर त्या मावलीशी कडाकडा भांडले असते. उभा कर म्हटलं होतं, आणि हे काय केलंस, म्हणाले असते. कुंदाने तसं काही केलं नाही.

आत मेणबत्त्या घ्यायला एक म्हातारा माणूस होता. त्याच्यापुढच्या मेजावर मेणबत्त्यांचा ढीग. त्याने हात पुढे केला. ''द्या बाई. एवढी उंच उभी करायला जागा नाय. इथे आडवी ठेवतो.''

''आडवी नको,'' कुंदा म्हणाली.

''अहो पण ठेवू कुठे?''

''आडवी नको,'' ती पुन्हा म्हणाली. ''खूप निजला तो. आता नको.''

तो म्हातारा काय समजायचं ते समजला. त्याने आपल्या हाताने वात पेटवून दिली आणि बाजूला झाला. वात सरळ जळली, धूर नाही, तडतड नाही. कुंदा भिंतीशी मेणबत्ती उभी धरून राहिली. माणसं येत होती, जात होती. तिचे हात कापायला लागले तशी कत्रीनबायने खालून आधार दिला, मग मी दिला. जड होती हो. आम्ही तिघींनी मिळून धरली, म्हणून उभी राहिली.