अर्ध्या पानाचं कौतुक

मृत्यूच्या दारातून परत आलेला माणूस जगाकडे नव्या नजरेने पाहू लागतो, असं म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरं ठरलं. फक्त जग निम्मंच दिसत होतं. आणि उरलेलं निम्मं हरवलंय, हे मला कोणी पटवून देऊ शकत नव्हतं.

नेरूळच्या हॉस्पिटलात न्यूरॉलॉजिस्टनी माझ्यापुढे कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. मी काढलं. त्यांनी ते माझी बायको मंगल हिला दाखवलं. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसले होते.

"राइट पॅरायटल स्ट्रोक," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूच्या उजवीकडच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. "हातात ताकद येतेय. पण लेफ्ट नेग्लेक्ट आहे."

नेग्लेक्टमध्ये डोळे चांगले असतात, पण मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. तिथे अंधारसुद्धा दिसत नाही. ती बाजू आहे हेच माहीत नसतं. त्यामुळे रुग्णाची काही तक्रार नसते. तक्रार घरच्यांची असते.

"यांना एकट्याला बाहेर सोडायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "डावीकडून आलेली गाडी यांना कळणार नाही."

मी बेलापूरच्या सरकारी कार्यालयात नोकरी केली. निम्म्या गोष्टींची दखल न घेणं हा आजार आहे, असं तिथे कधी कोणी म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर मंगलने चटणी-कोशिंबीर करणं बंद केलं, असं माझं मत झालं. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी लक्षात घ्यावं, की आपल्या ताटात या गोष्टी डावीकडे वाढतात. मी विचारलं, तेव्हा तिने ताट फिरवलं.

"आता कुठून आली?"

"होतीच."

"मग आधी का नाही वाढलीस?"

ती स्वयंपाकघरात निघून गेली.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांतून मेंदूला पुन्हा शिकवणाऱ्या बाई, म्हणाल्या की काँप्युटरवर असं काहीतरी करा ज्यात सगळा पडदा वापरावा लागेल. आमच्या मुलीने मला डिजिटल स्क्रॅपबुकिंगच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये घातलं. पूर्वी लोक वहीत फोटो चिकटवून भोवती फुलं-रिबिनी लावत; इथे ते पडद्यावर करतात. कागद, फोटो, फूल, प्रत्येकाचा वेगळा थर. त्याला लेयर म्हणतात. ग्रुप डोंबिवलीच्या वीणाताई चालवतात. बाकी साऱ्या बायका, मी एकटा काका.

फोटोची कड कागदात विरघळवायला शिकलो. सावल्या द्यायला शिकलो. सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडाव्या लागतात.

"काका, तुमच्या पानावर दोन सूर्य आहेत," वीणाताईंनी पहिल्याच पानावर लिहिलं.

पण बाकी कौतुकच कौतुक. "काय सुंदर मोकळी जागा सोडलीय." "डावीकडचं मौन बोलतं." दोघीतिघींनी तशी पानं करायलाही घेतली. मला मौन वगैरे काही कळलं नाही, पण निवृत्तीनंतर आपलं अनुकरण होणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. ते अभिप्राय मी तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवले.

"छान," ते म्हणाले. "एकट्याने बाहेर जायचं नाही."

या ग्रुपची एक रीत आहे. आठवड्याचं पान दुसऱ्या कोणाला द्यायचं आणि तिने ते आरशातल्यासारखं उलटं करून परत पाठवायचं. आपल्या पानाला आपली नजर सरावलेली असते. उलटं केलं की तोल कुठे गेलाय ते दिसतं.

मी माझ्या निरोप समारंभाचं पान केलं होतं. शाल, श्रीफळ, आणि चिठ्ठीत बघून माझं नाव घेणारे साहेब. ते वीणाताईंकडून परत आलं. उघडलं तर कोरा बदामी कागद. मी फोन लावला.

"वीणाताई, तुम्ही माझे फोटो उडवलेत."

"नाही हो काका. नुसतं उलटं केलंय. सगळे आहेत डावीकडे."

"डावीकडे काही नाही."

"मान वळवा ना जरा. अजून. स्क्रीनची कड लागेपर्यंत."

मी वळवली. साहेब होते. नारळ होता. मी होतो.

मी वीणाताईंना तसं सांगितलं. "म्हणजे काका, ती जागा तुम्ही मुद्दाम सोडत नव्हता?"

डॉक्टरांशी मी वाद घातला होता, मंगलशीही. हे पान मात्र माझं होतं, आणि माझ्याच हाताने मांडलेले फोटो मला दिसले नव्हते. इथे वाद घालायला कोणी नव्हतं. स्ट्रोक आला तेव्हा न वाटलेली भीती त्या दिवशी वाटली.

थेरपिस्ट बाईंनी पडद्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. आधी पट्टी शोधायची, मगच काम. वीणाताईंनी ग्रुपला कारण न सांगता फर्मान काढलं, की या महिन्यात सगळ्यांनी पान डाव्या कडेपासून सुरू करायचं. माझी ती कड रिकामी राहिली की कोणीतरी विचारायचीच, "काका, शेजारी कोण राहतं?"

अशा रुग्णाला समजावू नका. त्याच्या डावीकडे बसा, डावीकडून बोला. आणि त्याला चूक स्वतः सापडेल असं काहीतरी हातात द्या. मला ते ज्या बायकांनी दिलं, त्यांतली एकही मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. त्यांचे उपकार आहेत.

पुढे थेरपिस्ट बाईंनी मला सोबत नेऊन बऱ्याचदा रस्ता ओलांडायला लावला, आणि मग डॉक्टर म्हणाले, "जा आता एकटे."

मंगल बाल्कनीत उभी राहिली. दुभाजकापर्यंत गाड्या उजवीकडून येतात, तिथे मी हुशारच. पुढे त्या डावीकडून येतात. मी मान खांद्याला टेकेपर्यंत वळवली. एक रिक्षा येत होती. मला ती दिसली. तिला जाऊ दिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं आणि पलीकडे गेलो.

केस कापायचे होते. सोमवार होता. सलून बंद होतं.