गाडीच्या दारातला हात

कासारवाडी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. कंपन्यांच्या गेटपासचे फोटो, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स यांवर तो चालतो. मेलेल्या माणसाला कोट चढवण्यात माझा हात धरणारं इथे कुणी नाही. जिवंत माणसं मात्र डोकं खातात. रंग उजळा, पोट आत घ्या. मी फटकळ आहे, तरी येतात बापडी.

तो पोरगा जालन्याकडचा, पंचविशीतला. चाकणला पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. मोबाइल त्याने डाव्या हाताने माझ्यापुढे ठेवला, उजवा खिशातच राहिला. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात खिशात हात घालून बोलणाऱ्या पोराला मी उद्धट म्हणत नाही. गेटपासच्या फोटोत हात येत नाहीत, हे एक बरं आहे.

मोबाइलमधला फोटो त्याच्या रूमवरच्या मित्राने काढलेला. फलाटावर थांबलेली लोकल, दारात हा उभा, उजव्या हाताने मधली दांडी धरलेली. अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. बाकी फोटोही धड नव्हता. गाडी तिरकी, याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला, कोपऱ्यात कचऱ्याचा डबा, आभाळ पांढरंफटक.

"ताई, बोटं बसवा," तो म्हणाला.

बोटं गेल्याचं त्याने आईला सांगितलंच नव्हतं. गावचा एक जण इथेच कामाला होता, त्याने सुट्टीला जाऊन सांगितलं. याने फोनवर साफ नाकारलं आणि व्हिडिओ कॉलवर नुसतं तोंड दाखवून वेळ मारून नेली. शेवटी आई हट्टालाच पेटली, हात दाखव म्हणून.

"नुसता हाताचा फोटो धाडला तर तिला संशय येईल. म्हणून गाडीत काढला, सहज काढल्यावानी."

"आणि घरी जाशील तेव्हा?"

"तवाचं तवा बघू. बाप गेल्यापासून एकटी हाय ती, ताई. जेवण सोडायला तिला निमित्त लागत न्हाई."

मला राग आला. त्याचा नाही, कुणाचा, ते अजून नीट सांगता येत नाही. मी खुर्ची पुढे ओढली.

आधी गाडी सरळ केली. खांब आणि डबा उडवला, आभाळाचा भगभगीतपणा उतरवला. मग खरी पंचाईत झाली. हात बरोबर मधोमध येत होता आणि नजर थेट तिथेच जात होती. हात दिसायला तर हवा, पण फोटो हातासाठी काढलाय असं वाटता कामा नये. म्हणून फोटोच्या कडा कातरताना चौकट सरकवली, हात कडेला नेला आणि चेहरा थोडा उजळला. आता नजर आधी चेहऱ्यावर जायची आणि मग दंडावरून सावकाश मुठीवर उतरायची.

बोटांसाठी त्याला बाहेरचा लोखंडी कठडा डाव्या हाताने धरायला लावला. त्याचा फोटो घेतला, उलटा केला, त्यातली दोन बोटं उजव्या हाताला जोडली, दांडीवर त्यांची सावली पाडली. तो वाकून बघत होता.

"नखं एवढी साफ नसत्यात ताई. ती वळखंल."

मी नखांत ग्रीसचा काळेपणा भरला. त्याने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "अशीच होती."

काही आठवड्यांनी तो परत आला. आईने मोबाइलवर पाठवलेला आवाजी निरोप त्याने मला ऐकवला. "लेकरा, बोटं बघितली, जीव भांड्यात पडला. त्या चुगलखोर मेल्याच्या दारात जाऊन फोटो दाखवला. चार माणसांत खोटा पाडला त्याला. आता पोळ्याला ये. सगळ्यांनला दिसू दे तुझा हात."

"चांगलं झालं की," मी म्हणाले. बोलताक्षणीच माझं मलाच कळलं, काय झालंय ते.

"आता मी गेलो तर ती खोटी पडंल," तो म्हणाला. "मी न्हाई, ती."

मी पाणी दिलं, ते तो प्यायला नाही. मग त्याने मोबाइलवर दुसरा फोटो उघडून दाखवला. उंबऱ्यावर बसलेली बाई, डोक्यावर पदर, शेजारी मोकळी जागा. कुणा शेजाऱ्याने काढून पाठवलेला.

"मला हिथं बसवा. तिच्या बाजूला."

"हा कुणाला पाठवायचाय?"

"कुणाला न्हाई. रूमवर लावतो."

मी दोन्ही फोटो उघडले.

"तिच्या खांद्यावर हात ठेवता येईल का?" त्याने विचारलं.

"कुठला?"

त्याने खिशातून उजवा हात काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यो," तो म्हणाला. "हाय तसाच."