दिव्यांचे बूट आणि श्रीमंत देशांचा तक्ता

आमच्या भागात निवडणूक लागल्याची बातमी पेपरच्या आधी माझ्या थोरल्या भावाच्या बंदुकीवरून कळते. दादा गागोद्याला भात आणि वाल पिकवतो. रानडुकरांना हुसकावायला त्याच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे, आणि निवडणूक आली की ती पेणच्या पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. दादा ती चादरीत गुंडाळून एसटीत चढला की बायका सरकून जागा देतात आणि विचारतात, "इलेक्शन लागलं वाटतं?" आजवर त्याने ती जनावरावर दोनदा झाडली. दोन्ही वेळा डुक्कर वाचलं आणि वालाचा वाफा गेला.

त्या वर्षी बंदूक जमा करून, पावती खिशात घालून तो रोह्याजवळ वरसेला आमच्याकडे आला, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर जगातल्या खुनांचा तक्ता मांडून बसलो होतो.

त्याचं कारण होतं. माझी मुलगी, जावई आणि सहा वर्षांची नात अमेरिकेत होती. जावयाला कंपनीने जपानला जाणार का म्हणून विचारलं होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मुलीला अमेरिकेची धास्ती वाटू लागली होती, पण माझं मत घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती. अमेरिकेला जायला तिला भरीस घातलं होतं मीच. सगळ्या वरसेत अमेरिकेच्या गोष्टी सांगून मी लोकांना इतकं पिडलं होतं की मला बघून ते गल्ली बदलायचे. आता जपान म्हणजे माझी नाचक्कीच. म्हणून म्हटलं, भावना बाजूला ठेवू, आकडे बघू.

मी केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये उभा जन्म काढलेला माणूस. डावीकडे देश लिहिले, पुढे लाखामागे खून किती आणि त्यातले बंदुकीने किती. बाकीचे श्रीमंत देश खाली गुपचूप बसले होते. अमेरिका एकटीच कितीतरी वर, आणि तिच्यापुढे मी समासात टिपलं होतं: माणसांपेक्षा बंदुका जास्त. जपानच्या बंदुकीच्या रकान्यात तर लिहायला जवळजवळ काही सापडेना.

कंपनीत सॅम्पल नापास झालं की आमचे साहेब म्हणायचे, "नीट ढवळलं नसेल, पुन्हा काढा." मी तेच केलं. दुसऱ्या वर्षाचे आकडे घेतले. नापास. मग बंदुकीचा रकानाच मला अन्यायकारक वाटू लागला, तो खोडला. तरी नापास. मग एकेक देश कमी करत गेलो. शेवटी तक्त्यात एकटी अमेरिका उरली, आणि तिथेही तीच पहिली आली.

"आपला देश कुठाय यात?" बायकोने विचारलं.

"श्रीमंत देशांची तुलना श्रीमंतांशीच करतात."

"म्हणजे खून मोजायलासुद्धा ऐपत लागते?"

दादाने घरातला एकमेव बंदूकवाला म्हणून तक्ता ताब्यात घेतला. "तिकडं डुकरं लय हायत काय रे?"

"शहर आहे ते, दादा."

"मग माणसांपेक्षा बंदुका जास्त कशाला? आन् इलेक्शनला एवढ्या ठेवायच्या म्हणजे ठाणं केवढं असंल!"

"तिकडे जमा करत नाहीत."

दादाने खिशातली पावती काढून दोन्ही बाजूंनी बघितली. "मग इलेक्शन व्हतंय कसं?"

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नात होती.

"काय गो, शाळंत काय शिकवलं?" दादाने विचारलं.

"काल लपायला शिकवलं," ती म्हणाली आणि लगेच फोनसकट टेबलाखाली शिरून दाखवलं. ओठांवर बोट. "टीचर लाइट घालवते. मग कोणी बोलायचं नाही."

"कोण येतंय गो? डुक्कर?"

"नाही, मोठे आजोबा. गनवाला माणूस."

दादाने हळूच खुर्ची मागे सरकवली आणि तो पडद्याबाहेर जाऊन बसला.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. वाढदिवसाला मी तिला रोह्याच्या बाजारातून बूट पाठवले होते, पाऊल टेकलं की टाचेत लाल-निळे दिवे लागणारे. म्हटलं, "माझे दिव्यांचे बूट घालतेस ना शाळेत?"

"ते शाळेत चालत नाहीत, आबा. लपल्यावर पाय हलला की लाइट लागतो. मग त्याला कळेल ना आम्ही कुठे आहोत." माझा चेहरा बघून तिनेच मला समजावलं, "पण घरी घालते हं."

मला रडू आवरेना. ती अजून टेबलाखालीच होती. मी मुलीला फोन घ्यायला सांगितलं आणि म्हटलं, "जपानला जा."

"आकडे बघितलेत ना, बाबा?"

"तीनदा बघितले. आकडे पहिल्यापासून बरोबर होते, मीच ढवळत बसलो होतो."

दोन महिन्यांनी तिघं जपानला गेली. तिथून नातीचा फोन आला की शाळेत शिरताना बूट दारातच काढून ठेवायचे असतात. म्हणजे वर्गात ते दिवे तिथेही लागले नाहीत. पण शाळेपर्यंतचा रस्ता ती पाय आपटत जाते म्हणे.

पुढच्या वाढदिवसाला मी मोठ्या मापाचे बूट घ्यायला रोह्याच्या त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने एक बूट काउंटरवर आपटून दाखवला. मी विचारलं, "लांबून दिसतील असे आहेत का?"