मुदतीची फाइल

आमच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत. तिथली पोरगी नगरला जाऊन कुलपं बनवायला बसली, म्हणून आत्या अजून माझी थट्टा करते. करू दे. मला राग आला होता आणि तो रास्त होता.

तेव्हा मी एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांना कोटेशनची एक्सेल फाइल करून द्यायची. मापं टाकली की लोखंडाचं वजन, मजुरी, भाव, सगळं तयार. पहिल्या शेठनी वापरून बघतो म्हणून फ्लॉपी नेली आणि शेजारच्या शेडांत वाटून टाकली. वर मलाच म्हणाले, "नुसती फाइल तर हाय, ताई." असंच चाललं असतं तर मला गाशा गुंडाळून गावी परतावं लागलं असतं.

म्हणून दुसऱ्या शेठना महिनाभर वापरून बघायला फाइल दिली ती मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहूनच. फाइल उघडली की मॅक्रो कॉम्प्युटरची तारीख बघणार आणि महिना उलटला असेल तर फाइल बंद करणार. माझ्या मशीनवर तारीख पुढे ढकलून पाहिलं. झाली की बंद! मी हवेत.

महिना उलटला तरी शेठचा फोन नाही. जाऊन बघते तर फाइल झकास चालू. वर्कशॉप बंद करताना मेन स्विच पाडायची त्यांची पद्धत, आणि कॉम्प्युटरच्या घड्याळाची बॅटरी मेलेली. त्यामुळे मशीन रोज सकाळी १९८० सालात उठायचं. माझ्या फाइलची मुदत जन्मात संपली नसती.

"लई भारी फाइल हाय तुमची," शेठ म्हणाले. "अजून बघतोय."

मी चहा प्यायले. टेबलावर नुकतंच छापलेलं कोटेशन होतं आणि त्यावर आजची तारीख, शेठनी स्वतः टाकलेली. गिऱ्हाइकाला थोडीच १९८०चं कोटेशन देता येतं?

तिथंच बसून मॅक्रो बदलला. आता तो कॉम्प्युटरला काहीच विचारणार नव्हता, शेठ कोटेशनवर जी तारीख टाकतील तीच बघणार होता. मुदत सोमवारपर्यंतच आहे, हेही तोंडावर सांगितलं. शेठ नुसते हसले.

मंगळवारी सकाळीच त्यांची स्कूटर माझ्या खोलीसमोर. पुण्याचं कोटेशन अडलं होतं.

"ताई, तारीख टाकली की फाइल मिटतीय."

"मग टाकू नका तारीख," मी म्हणाले.

या वेळी ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बिल करा. शेजारच्या शेडवाल्यालाबी पाहिजे, त्याचंही करा."

काय सांगू, असा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. त्या वर्षी मी गावी गेले, पण दिवाळीपुरतीच.